विश्लेषण : डायलिसिस नियमित सुरू, तरी संसर्ग आणि हृदयविकाराचा धोका का? रक्त शुद्ध होऊनही शरीरातला 'दाह' का विझत नाही?

आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, वेळेवर गोळ्या, पाणी मोजून, मीठ बेताने. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे आकडेही ठीक. तरीही एक दिवस थंडी वाजून ताप येतो आणि दोन दिवसांत रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचतो. कधी तर कोणतीही पूर्वसूचना न देता हृदयच बंद पडते. अशा वेळी घरच्यांचा प्रश्न एकच असतो. डायलिसिस तर नीट चालू होते, मग असे झालेच कसे?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग एका अशा प्रक्रियेत आहे, जिचे नाव डायलिसिसच्या फाइलवर सहसा दिसत नाही. ती म्हणजे शरीरात सतत धुमसत राहणारा दीर्घकालीन दाह आणि त्यामुळे बिघडलेल्या रोगप्रतिकारक पेशी. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव मंजूर केला. भारतातही सरकारी योजनांमुळे डायलिसिस जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचले आहे. त्यामुळे डायलिसिस मिळते की नाही, याच्या पुढचा प्रश्न आता विचारावा लागणार आहे. तो म्हणजे, डायलिसिस मिळूनही रुग्ण का दगावतात?

दाह म्हणजे नेमके काय?

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. जंतू आत शिरू नयेत म्हणून पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, रसायने सोडतात, जंतूंना गिळतात. हाच दाह. काटा निघाला, जखम भरली की तो शमतो. म्हणजे दाह हा मुळात शत्रू नाही. तो शरीराचा बंदोबस्त आहे.

अडचण होते ती हा बंदोबस्त कधी उठतच नाही तेव्हा. बाहेरून सूज दिसत नाही, ताप नसतो, दुखतही नाही. पण रक्तात दाह वाढवणारी रसायने महिनोन्‌महिने चढलेलीच राहतात. यातले एक महत्त्वाचे रसायन म्हणजे इंटरल्यूकिन-६, अर्थात आयएल-६. ते वाढले की यकृत 'सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन' जास्त बनवू लागते. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेली सीआरपी चाचणी ती हीच. शरीरात कुठेतरी दाह सुरू आहे, एवढे ती सांगते. तो नेमका कुठे आहे, हे मात्र सांगत नाही.

डायलिसिसवर असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के रुग्णांमध्ये सीआरपी वाढलेले आढळते. यातल्या अनेकांना त्या वेळी कोणताही उघड संसर्ग नसतो. जर्मनीतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की ज्या डायलिसिस रुग्णांत सीआरपी जास्त असते, त्यांच्यात एकूण मृत्यूचे आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाणही जास्त असते. त्यानंतर इतर देशांतील अभ्यासांतूनही तेच चित्र समोर आले.

मूत्रपिंड निकामी झाल्यावर दाह का वाढतो?

मूत्रपिंड म्हणजे केवळ लघवी तयार करणारी गाळणी नव्हे. दाह वाढवणारी अनेक रसायने रक्तातून काढून टाकण्याचे कामही ते करते. मूत्रपिंड थकले की ही रसायने साचू लागतात.

दुसरे कारण आतड्यात आहे. आपण खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग आतड्यातले जिवाणू तोडतात आणि त्यातून इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट यांसारखी द्रव्ये तयार होतात. निरोगी माणसात ती लघवीवाटे निघून जातात. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसात ती रक्तातच राहतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात आणि पांढऱ्या पेशींना चिथावतात. मग डायलिसिसने ती निघत का नाहीत? कारण ही द्रव्ये रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतात. डायलिसिसच्या जाळीची छिद्रे मुद्दामच इतकी बारीक ठेवलेली असतात, की अल्ब्युमिन वाहून जाऊ नये. अल्ब्युमिन आत राहते आणि त्याला चिकटलेला कचराही बराचसा आतच राहतो. रिपोर्टमध्ये युरिया आणि क्रिएटिनिन उतरलेले दिसते, कारण ते लहान आणि सुटे रेणू आहेत. चिकटलेल्या कचऱ्याची मोजणी नेहमीच्या रिपोर्टमध्ये नसतेच.

तिसरे कारण म्हणजे अंगात साचलेले पाणी. दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी साचले की पायांप्रमाणे आतड्याच्या भिंतीवरही सूज येते. ती भिंत कमकुवत झाली की जिवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात आणि पांढऱ्या पेशी पुन्हा खवळतात. 'पाणी मोजून प्या' हा सल्ला फक्त दम लागू नये म्हणून नसतो. त्यामागे हेही एक कारण आहे.

डायलिसिसमुळेही दाह वाढतो का?

काही प्रमाणात, हो. डायलिसिसच्या एका सत्रात रुग्णाचे रक्त शरीराबाहेर येऊन प्लास्टिकच्या नळ्यांतून आणि कृत्रिम जाळीतून चार तास फिरत असते. पांढऱ्या पेशींच्या दृष्टीने ही परकी वस्तू आहे. पूर्वीच्या काळी सेल्युलोजची जाळी वापरत. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात, असे तेव्हा दिसून आले. या पेशी गेल्या कुठे, याचे उत्तर १९७७ च्या सुमारास मिळाले. जाळीच्या स्पर्शाने रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि चिथावलेल्या पेशी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात. आजच्या कृत्रिम जाळ्या पुष्कळ सौम्य आहेत. तरी आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे होणारा हा स्पर्श शरीर पूर्णपणे दुर्लक्षित करत नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. एका सत्रात डायलिसिसच्या द्रावणासाठी साधारण १२० लिटर पाणी लागते. आठवड्याला तीन सत्रे म्हटली तर ३६० लिटर. हे पाणी आणि रुग्णाचे रक्त यांच्यामध्ये फक्त ती पातळ जाळी असते. पाण्यात जिवाणू किंवा त्यांच्या मृत पेशींतून सुटलेले एंडोटॉक्सिन हे विष असेल, तर त्याचे अंश जाळीतून पलीकडे जाऊ शकतात. जंतू मेलेले असले तरी एंडोटॉक्सिन काम करतच राहते. म्हणूनच डायलिसिसच्या पाण्याची नियमित तपासणी जंतू आणि एंडोटॉक्सिन या दोन्हींसाठी करावी लागते. अतिशुद्ध द्रावण वापरल्यावर रुग्णांमधले सीआरपी आणि आयएल-६ कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

तिसरा आणि रोजच्या अनुभवातला मुद्दा गळ्यातल्या नळीचा. फिस्टुला म्हणजे हातातली रोहिणी आणि नीला जोडून तयार केलेला मार्ग. तो शरीराचाच भाग असतो. पण तो तयार होऊन सुया टोचण्याजोगा व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. ज्यांचा आजार उशिरा कळतो, त्यांना तेवढा वेळ मिळत नाही आणि मानेतून कॅथेटर टाकावे लागते. ही नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. तिच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा पातळ, चिकट थर जमतो. त्यामुळे फिस्टुलाच्या तुलनेत कॅथेटर असलेल्यांना रक्तातला संसर्ग कितीतरी जास्त होतो. संसर्ग उघड झाला नाही तरी ही नळी दाहाला खतपाणी घालत राहते.

याचा अर्थ डायलिसिस वाईट आहे, असा मुळीच नाही. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या रुग्णाने दाहाच्या भीतीने डायलिसिस चुकवले, तर पोटॅशियम वाढून किंवा फुप्फुसात पाणी भरून काही दिवसांत जीव जाऊ शकतो. मुद्दा डायलिसिस करू नये हा नाही. ते कसे केले जाते, हा आहे.

रोगप्रतिकारक पेशींचे नेमके काय बिघडते?

इथे एक विरोधाभास आहे. दाह जास्त म्हणजे रोगप्रतिकारशक्ती तगडी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात डायलिसिसच्या रुग्णांत उलटे घडते. पेशी सतत चिथावलेल्या असतात आणि गरजेच्या वेळी थकलेल्याही असतात. रात्रभर उगाच शिट्ट्या मारत फिरणारा आणि चोर आला तेव्हा पेंगणारा गुरखा, असे त्याचे वर्णन करता येईल.

पांढऱ्या पेशींमध्ये संख्येने सर्वांत जास्त असतात न्यूट्रोफिल. जंतूंवर पहिला हल्ला त्यांचा. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत या पेशी काही कारण नसताना तीव्र ऑक्सिडीकरण करणारी रसायने सोडतात आणि स्वतःच्याच ऊतींना इजा करतात. पण खरा जंतू समोर आला की त्याच्यापर्यंत पोहोचण्यात आणि त्याला गिळण्यात त्या कमी पडतात.

मोनोसाइट या पेशींमध्ये दाह वाढवणाऱ्या प्रकाराचे प्रमाण वाढते. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथे चरबीयुक्त थर वाढवण्यात या पेशींचा हात असतो. त्याच वेळी जंतूचा तुकडा इतर पेशींना दाखवून त्यांना सावध करण्याचे काम मंदावते. हे काम मुख्यतः करणाऱ्या डेंड्रिटिक पेशींची संख्याही घटते.

टी पेशी म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेची स्मरणशक्ती आणि तिचा सेनापतीही. नव्या जंतूला ओळखण्यासाठी कोऱ्या टी पेशींचा साठा लागतो. वयानुसार तो सगळ्यांचाच कमी होतो. डायलिसिसच्या रुग्णांत तो फार लवकर घटतो आणि जुन्या, दाह वाढवणाऱ्या टी पेशींचे प्रमाण वाढते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील संशोधकांनी केलेल्या अभ्यासांनुसार, या रुग्णांच्या टी पेशी प्रत्यक्ष वयापेक्षा दीड-दोन दशकांनी म्हाताऱ्या दिसतात. म्हणजे चाळिशीतल्या रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती साठीच्या माणसासारखी वागू शकते. प्रतिपिंडे म्हणजेच अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीही कमी होतात.

लशी आणि तपासण्यांवर याचा काय परिणाम होतो?

सर्वांत ठळक उदाहरण हेपॅटायटिस बी लशीचे. निरोगी प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांमध्ये नेहमीच्या मात्रेने पुरेशी प्रतिपिंडे तयार होतात. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते. म्हणून त्यांना प्रौढांसाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण लशीची दुप्पट मात्रा आणि चार डोस देण्याची पद्धत आहे. त्यानंतर प्रतिपिंडे तयार झाली का, हे रक्त तपासून पाहायचे असते. ती दर मिलिलिटरला १० मिलियुनिटच्या खाली गेली, तर पुन्हा डोस द्यावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार वाढत असतानाच, डायलिसिस सुरू होण्यापूर्वी लस दिली तर प्रतिसाद जास्त चांगला मिळतो. डायलिसिस केंद्रात एकाच छताखाली अनेकांचे रक्त यंत्रातून फिरत असल्याने या लशीचे महत्त्व अधिक आहे.

करोनाकाळातही हेच दिसले. २०२० मध्ये युरोपातील नोंदींनुसार पहिल्या लाटेत करोना झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी सुमारे २० टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. घरात राहून विलगीकरण हा पर्यायही या रुग्णांकडे नव्हता. त्यांना एक दिवसाआड केंद्रात जावेच लागत होते.

भारतासाठी आणखी एक मुद्दा क्षयरोगाचा. डायलिसिसच्या रुग्णांना क्षयरोग होण्याचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. त्यातही अडचण अशी, की हातावर सुई टोचून केली जाणारी माँटू चाचणी टी पेशींच्या प्रतिसादावर अवलंबून असते. त्या पेशीच थकलेल्या असल्याने जंतू शरीरात असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. शिवाय क्षयरोग फुप्फुसाऐवजी लसिकाग्रंथी किंवा पोटातही असू शकतो. त्यामुळे अनेक दिवसांची कणकण, घटणारे वजन, गळून गेलेली भूक ही लक्षणे 'डायलिसिसमुळे होतेच' म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते.

ताप हाही फसवा असतो. या रुग्णांचे शरीराचे तापमान मुळातच थोडे कमी राहते आणि संसर्ग गंभीर असूनही ताप फारसा चढत नाही. डायलिसिस सुरू असताना आलेली हुडहुडी, अचानक आलेले भ्रमिष्टपण किंवा उतरलेला रक्तदाब ही संसर्गाची पहिली खूण असू शकते.

हृदयाशी याचा संबंध काय?

डायलिसिसच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे पहिले कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. संसर्गही पहिल्या काही कारणांत येतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील आकडेवारीने डॉक्टरांनाही हादरवले होते. पंचविशी ते पस्तिशीतल्या डायलिसिस रुग्णांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांमधल्या ऐंशीच्या घरातील वृद्धांइतके होते.

मग हृदयविकारावरचे नेहमीचे उपाय इथे चालतील का? कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यातली २००९ ची 'ऑरोरा' चाचणी २,७७६ डायलिसिस रुग्णांवर झाली. गोळ्यांनी वाईट कोलेस्टेरॉल ४३ टक्क्यांनी उतरले. पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत लक्षणीय घट झाली नाही. त्याआधी २००५ मध्ये मधुमेही डायलिसिस रुग्णांवर झालेल्या जर्मन चाचणीतही असेच घडले होते. म्हणजे या रुग्णांच्या हृदयाला पोखरणारे कारण केवळ कोलेस्टेरॉल नाही. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणे, हृदयाचे स्नायू जाड होणे आणि या सगळ्याला चालना देणारा दाह हे इथले मोठे घटक आहेत. अर्थात, आधीपासून सुरू असलेली स्टॅटिनची गोळी हे वाचून स्वतःहून बंद करणे योग्य नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच.

स्वीडनमधील पीटर स्टेनविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९९९-२००० च्या सुमारास कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्या कडक होणे या तीन गोष्टी एकमेकींचे पाय ओढत कशा वाढतात, हे मांडले. दाहामुळे भूक मरते, स्नायू झिजतात, अल्ब्युमिन घटते. खाणे कमी झाले की प्रतिकारशक्ती आणखी ढासळते. डायलिसिसच्या रुग्णाचे वजन कमी होणे ही त्यामुळे आनंदाची बातमी नसते.

रक्तक्षयाचाही इथेच संबंध येतो. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त बनवते. ते शरीरातले लोह जणू तिजोरीत बंद करून ठेवते. मग लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन भरपूर दिसते, रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची महागडी इंजेक्शने सुरू असतात, तरी हिमोग्लोबिन हलत नाही. अशा वेळी इंजेक्शनची मात्रा वाढवण्याआधी दाहाचे कारण शोधणे गरजेचे असते.

जास्त डायलिसिस केले तर दाह कमी होईल का?

हा स्वाभाविक प्रश्न अमेरिकेतील 'हेमो' चाचणीने तपासला. २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १,८४६ रुग्णांपैकी काहींना नेहमीचे आणि काहींना जास्त मात्रेचे डायलिसिस दिले गेले. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. किमान आवश्यक मात्रा मिळालीच पाहिजे, पण तेच गाळणे आणखी वाढवून प्रश्न सुटत नाही, असा त्याचा अर्थ.

वेगळ्या प्रकारे गाळले तर? हेमोडायफिल्ट्रेशन या पद्धतीत मोठ्या प्रमाणात द्रव रक्तातून ओढून घेतला जातो आणि त्याच्या जागी अतिशुद्ध द्रव दिला जातो. त्यामुळे दाहाशी संबंधित काही मध्यम आकाराचे रेणूही निघून जातात. २०२३ मध्ये युरोपातील 'कन्व्हिन्स' चाचणीत १,३६० रुग्णांची तुलना झाली. या पद्धतीत १७.३ टक्के, तर नेहमीच्या उच्च क्षमतेच्या डायलिसिसमध्ये २१.९ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला. हा फरक आशादायक आहे. मात्र ज्यांना आधीच हृदयविकार किंवा मधुमेह होता, त्यांच्यात फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. शिवाय यासाठी पाण्याची शुद्धता अतिशय काटेकोर लागते, कारण तो द्रव थेट रक्तात जातो.

दाह कमी करणारे औषध का देत नाहीत?

प्रयत्न सुरू आहेत, पण वाट निसरडी आहे. २०१७ मध्ये 'कँटोस' या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १० हजारांहून अधिक रुग्णांमध्ये दाह रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध तपासले गेले. हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या. मात्र जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण किंचित वाढले. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच दुबळी आहे, त्यांच्याबाबत ही किंमत दुर्लक्षिता येत नाही.

डायलिसिस रुग्णांसाठी सध्या लक्ष आहे ते आयएल-६ रोखणाऱ्या औषधांवर. क्लाझाकिझुमॅब या औषधाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्यम टप्प्यातील चाचणीत १२७ डायलिसिस रुग्ण होते. १२ आठवड्यांनी सीआरपी ८५ टक्क्यांहून अधिक उतरले. पण सीआरपी उतरणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे. स्टॅटिनच्या चाचण्यांमध्ये कोलेस्टेरॉल उतरूनही काय झाले, हे दिसलेच आहे. त्यामुळे ही औषधे आज नेहमीच्या उपचारांचा भाग नाहीत. समाजमाध्यमांवर 'दाह कमी करणारा काढा' किंवा 'किडनी पुन्हा सुरू करणारी पावडर' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींना तर असा कोणताच आधार नसतो. त्यातल्या काहींत पोटॅशियम किंवा जड धातू असण्याचा धोका असतो. दुखण्यावर घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही या जुनाट दाहावर उपाय नाहीत. उलट मूत्रपिंडाची उरलीसुरली क्षमता त्यांनी जाऊ शकते.

भारतात आणि महाराष्ट्रात प्रश्न कुठे अडतो?

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. देशात दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण मूत्रपिंड निकामी होण्याच्या अंतिम टप्प्यात पोहोचतात, त्यामुळे ३.४ कोटी डायलिसिस सत्रांची अतिरिक्त गरज निर्माण होते आणि प्रत्येक सत्राला सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक खर्च येतो, असे त्यांनी सांगितले होते. त्यानंतर जिल्हा रुग्णालयांत सार्वजनिक-खासगी भागीदारीतून डायलिसिस केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिसचा खर्च मिळतो. दर आठवड्याला शहरात खेटे घालणाऱ्या हजारो कुटुंबांना या योजनांनी मोठा दिलासा दिला, यात शंका नाही.

पण योजनेचे मोजमाप मुख्यतः एकाच आकड्यात होते, तो म्हणजे सत्रांची संख्या. पाण्यातले एंडोटॉक्सिन शेवटचे कधी तपासले, केंद्रातल्या किती रुग्णांना अजून कॅथेटर आहे, रक्तातल्या संसर्गाचे प्रमाण किती, किती जणांना हेपॅटायटिस बीची लस पूर्ण मिळाली आणि किती जणांत प्रतिपिंडे तयार झाली, हे आकडे रुग्णाला सहसा दिसत नाहीत. अनेक ठिकाणी डायलायझर धुऊन पुन्हा वापरला जातो. ते शास्त्रशुद्ध पद्धतीने केले तर चालते, मात्र निर्जंतुकीकरणात हयगय झाली तर संसर्गाची वाट मोकळी होते. खर्च आणि अंतर यांमुळे तीनऐवजी दोनच सत्रांवर भागवणारे रुग्णही खूप आहेत. त्यांच्यात दोन सत्रांमध्ये साचणारे पाणी आणि कचरा दोन्ही जास्त.

यातली मोठी गोष्ट अशी, की यासाठी नव्या महागड्या औषधाची वाट पाहावी लागत नाही. आजार लवकर ओळखणे, फिस्टुला वेळेत करणे, पाणी तपासणे, परिचारिकांचे हात धुणे आणि लस देणे, ही सगळी आजच्या आज करता येण्याजोगी कामे आहेत. प्रत्यारोपण हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्यानंतर दाहाची पातळी बरीच उतरते, पण नवे मूत्रपिंड टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. आणि दात्यांची संख्या गरजेच्या तुलनेत फारच कमी आहे.

रुग्ण आणि नातेवाईक काय विचारू शकतात?

– गळ्यातली नळी किती दिवस ठेवायची आहे? फिस्टुला कधी करायचा? ज्या हातावर फिस्टुला होणार आहे, त्या हातातून रक्त काढू देऊ नये, सलाइन लावू देऊ नये.

– नळी जोडताना आणि काढताना परिचारिका आणि रुग्ण दोघांनीही मास्क लावला आहे का? नळीभोवतीचे ड्रेसिंग कोरडे आहे का?

– केंद्रातल्या पाण्याची जंतू आणि एंडोटॉक्सिन तपासणी कधी झाली? हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

– हेपॅटायटिस बी लशीचे सगळे डोस झाले का? नंतर प्रतिपिंडे तपासली का? फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीचे काय?

– अल्ब्युमिन किती आहे? ते घटत असेल किंवा इंजेक्शने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर सीआरपी तपासून कारण शोधता येईल का? हिरड्यांतला पू, पायाची न भरणारी जखम, वापरात नसलेला आणि गुठळी झालेला जुना कृत्रिम ग्राफ्ट ही दाहाची लपलेली ठिकाणे असू शकतात.

– हुडहुडी भरली तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घेतले का?

– आहारात प्रथिने किती हवीत? डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिने कमी करायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात, साधारण दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. अनेक घरांत मात्र जुनेच पथ्य पुढे चालू राहते आणि रुग्ण उपाशी राहतो. पोटॅशियम आणि फॉस्फरस सांभाळून हे कसे करायचे, ते आहारतज्ज्ञाकडून समजून घ्यावे.

डायलिसिसच्या दिवशी हातात पडणाऱ्या कागदावर बहुतेकांची नजर आधी क्रिएटिनिनवर जाते. त्या आकड्यातून यंत्राने आपले काम केले का, एवढेच कळते. शरीर आतून कसे आहे, हे कळण्यासाठी अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, सीआरपी आणि लशीची नोंद असलेल्या ओळीही वाचाव्या लागतील. त्या कागदावर नसतील, तर पुढच्या सत्राला जाताना त्या मागून घ्याव्या लागतील.